आमच्या घरची मस्ती

मस्ती या शब्दाचा मला राग आहे, आणि या वयात तो लपवायची मला गरज वाटत नाही. गेल्या दिवाळीच्या पाडव्याला माझ्या थोरल्या भावानं, दिनकरदादानं, मला फोन करून बोलावलं, म्हशी बघायला चल म्हणून. रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून आम्ही दोघं बसलो होतो. एवढ्यात कॉलेजात जाणारी एक मुलगी मोटरसायकलवरून आली आणि तिच्या मागं तिची म्हैस. दावं नाही, काही नाही, नुसती तिच्या हाकेवर पळत होती. सगळ्यांनी मोबाइल वर धरले. दादानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली आणि म्हणाला, "बघितलीस काय सुशे, काय मस्ती हाय पोरीत. अशी पायजे पोरगी." कौतुकानं त्याचे डोळे भरून आले होते. मी हातातला चहा तसाच खाली ओतला, गुडघे दुखतात असं सांगितलं आणि रिक्षा करून घरी आले. पुढं दोन दिवस मी घरात कुणाशी धड बोलले नाही. सुनेला वाटलं, माझं बीपी वाढलंय. ती बिचारी मीठ कमी घालत राहिली.

मंगळवार पेठेत आमचं घर होतं. पुढं दोन खोल्या आणि मागं गोठा, आणि गोठा खोल्यांपेक्षा ऐसपैस, कारण घर म्हशींवर चालायचं. माझे वडील, आबा, रोज संध्याकाळी दोन म्हशी घेऊन दूधकट्ट्यावर जायचे. गिऱ्हाईक समोर उभं राहायचं, आबा त्याच्या डोळ्यांदेखत धार काढायचे आणि फेसाळलेला पेला त्याच्या हातात द्यायचे. पाण्याचा संशय घ्यायला जागाच नको. सकाळचं दूध दादा सायकलवरून घरोघर घालायचा. म्हणजे लोकांच्या समोर जे काही होतं ते या दोघांचं. शेण काढणं, गोठा धुणं, वैरण तोडून टाकणं, पेंड भिजवणं, शेणी थापणं, हे सगळं आईचं आणि माझं. पण पेठेत कुणीही विचारलं की आबा सांगायचे, बापलेक मिळून धंदा सांभाळतो आम्ही. आई हे ऐकत चुलीपुढं भाकऱ्या थापत असायची. तिच्या हाताचा आवाज एका लयीत चालू असायचा आणि त्या वाक्याला तो कधी चुकल्याचं मला आठवत नाही.

पहाटे जाग यायची ती धारेच्या आवाजानं. कासंडी रिकामी असते तेव्हा धार पत्र्यावर पडल्यासारखी वाजते, आणि भरत आली की आवाज जड होतो. अंथरुणात पडल्या पडल्या मी नुसत्या आवाजावरून सांगू शकायचे की आता कुठल्या म्हशीखाली आबा बसलेत. न्याहारीला भाकरी, मिरचीचा खर्डा आणि लोणी. लोण्याचा गोळा दादाच्या भाकरीवर लिंबाएवढा असायचा आणि माझ्या भाकरीवर बोट पुसल्याएवढा. म्हैस व्याली की आई पहिल्या चिकाचा खरवस करायची, गूळ आणि जायफळ घालून, आणि त्याची कडेची घट्ट वडी दादाची हे ठरलेलं. मला खरवस मिळत नव्हता असं नाही. दुधाच्या घरात उपाशी राहिले असं मी म्हटलं तर जीभ झडेल. पण पोट भरलेल्या माणसालासुद्धा राग येतो, हे मला त्या घरात कळलं.

आमच्या घरात मस्ती हा शब्द दिवसातून दहादा तरी कानावर यायचा. दादानं शेजाऱ्याच्या कौलांवर चढून चार कौलं फोडली, शेजारी भांडायला आला, तर आबा हसत म्हणाले, "पोरगं हाय, मस्ती असणारच की. मस्ती न्हाय ते पोरगं कसलं?" आणि नवी कौलं बसवून दिली. एखादी म्हैस दाव्याला हिसडे द्यायला लागली की तिच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, मस्तीला आलीया, खाल्लेलं अंगी लागतंय. ते म्हणताना त्यांची छाती फुगायची. आणि मी शेण काढता काढता गाणं गुणगुणले, किंवा मैत्रिणीबरोबर दारात जोरात हसले, किंवा पाण्याची घागर डोक्यावर असताना जरा पळत आले, की आतून आवाज यायचा, "काय गं, मस्ती आली व्हय? जिरवू का?" शब्द तोच, माणूस तोच. दादाची मस्ती अंगात असायची आणि माझी आलेली असायची, जणू ताप. म्हणून ती उतरवायला लागायची. आबा नसले की आई हेच म्हणायची, त्याच सुरात. तिची कुणी आणि कशी जिरवली ते तिनं मला कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही, आणि त्याचा मला आता फार पश्चात्ताप होतो.

गुंजी माझी होती. कागदोपत्री म्हशी आबांच्या, पण गुंजीची आई ती जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी दगावली आणि ते रेडकू जगेल असं कुणाला वाटलं नाही. आबा म्हणाले, राहिली तर राहिली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. दुसऱ्या म्हशीचं दूध वाटीत घेऊन, त्यात बोट बुडवून मी ते तिच्या तोंडात द्यायचे. तिचे डोळे उन्हात गुंजेसारखे लालसर दिसायचे म्हणून मी नाव ठेवलं गुंजी. चार-पाच वर्षांत ती गोठ्यातली सगळ्यात देखणी म्हैस झाली. तिला दावं नुसतं नावाला होतं. मी "गुंजे, ये ये ये" म्हटलं की ती हातातलं, म्हणजे तोंडातलं, टाकून येणार. मी शाळेतून यायची वेळ झाली की कान टवकारून उभी राहणार. दुसऱ्या कुणी ओढलं तर चारी पाय रोवायची. आबा वैतागून म्हणायचे, दोघींना बी एकच मस्ती.

पहिल्या वेतानंतर गुंजी आटली आणि पुन्हा गाभण राहिली नाही. दोनदा रेड्याकडं नेऊन आणली, उपयोग झाला नाही. दुधाच्या धंद्यात अशी म्हैस म्हणजे बसून खाणारा पाहुणा. भाकड जनावरं घेणारा मलकापूरकडचा एक व्यापारी त्या दसऱ्यापासून दोनदा घरी येऊन तिच्या बरगड्या चाचपून गेला होता. दुसऱ्यांदा तो आला तेव्हा मी गोठ्याच्या दारात आडवी उभी राहिले आणि रडले, ओरडले, जेवणार नाही म्हणाले. व्यापाऱ्यापुढं आबांना लाज वाटली असावी. तो गेल्यावर त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, "हे बघ, पाडव्याला हिला पळवू. पेठेत नाव झालं तर दूध दिऊ दे न्हायतर न दिऊ दे, घरात ठेवतो. न्हाय पळली तर ती मलकापूरला. मग तुजं रडणं नको." मी लगेच हो म्हणाले. गुंजी पळेल याबद्दल मला काडीची शंका नव्हती.

पाडव्याचं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं गवळ्यांच्या म्हशी सजून बाहेर पडतात. आधी त्यांना भादरून तुळतुळीत करतात, अंगाला तेल चोपडतात, शिंगं रंगवून त्यांना बेगड लावतात, डोक्यावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, पायात चाळ. मग मालक पुढं पळतो आणि म्हैस त्याच्या मागं, मोकळी. तिला ओढायचं नाही, हाकायचं नाही. ती आपण होऊन मागं आली पाहिजे, गर्दी, हलगी, फटाके कशालाही न बुजता. त्यावरून म्हशीची नव्हे, मालकाची किंमत ठरते. आणि मालक म्हणजे पुरुष. बायकांनी दारात म्हशीला ओवाळायचं आणि घरात जाऊन करंज्या तळायच्या.

तर दादा पळणार हे न बोलता ठरलं. आठ दिवस आधी सराव सुरू झाला. दादा हाका मारत बोळातून पळायचा आणि गुंजी दारात उभी राहून रवंथ करायची. त्यानं सरकी दाखवली, गूळ दाखवला, शेवटी शिव्या दिल्या. तिनं एक पाऊल टाकलं नाही. मी शेण काढताना डोक्यावर घ्यायचे ती जुनी चादर आबांनी त्याला पांघरायला लावली, माझा वास येईल म्हणून. त्या चादरीत दादा इतका बावळट दिसायचा की मला हसू आवरलं नाही, आणि आबांनी माझ्या पाठीत धपाटा घातला. मी म्हणाले, मला पळू द्या, मी नेते तिला. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी त्यांचं धोतर मागितलं.

मग त्यांनीच एक डोकं चालवलं, आणि ते अगदी आमच्या घराला शोभणारं होतं. दादा पुढं पळणार. मी रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला, एका ओळखीच्या घराच्या पायरीवर, बायकांच्या मागं उभी राहणार आणि तिथून हाक मारणार. गुंजी माझ्या आवाजाकडं पळेल आणि लोकांना वाटेल, दिनकरच्या मागं पळतेय. बोळात करून बघितलं तर छान जमलं. दादा ऐटीत पळत आला, मागं गुंजी, आणि माझ्यापाशी आल्यावर तिनं त्याला बाजूला सारून माझ्या खांद्याला नाक लावलं. आबा खूश झाले. मीही खूश झाले, हे कबूल करते. गुंजी राहणार होती, मग हाक कुणाच्या नावावर जाते याच्याशी मला काय करायचं होतं.

बोळात हलगी नव्हती, ही गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आली नाही. आयुष्यभर पाडवा बघितलेली माणसं आम्ही. त्या दिवशी रस्त्यावर चार हलग्या, एक बँड आणि फटाक्यांच्या माळा. दादा डोक्याला फेटा बांधून, हात वर करून पळत सुटला. मी पायरीवरून घसा फाटेस्तोवर ओरडत होते आणि शेजारच्या बाईलासुद्धा माझा आवाज ऐकू येत नव्हता. गुंजी दहा पावलं चालली आणि रस्त्याच्या मधोमध थांबली. तिनं मान वर करून इकडं तिकडं बघितलं. दादा बराच पुढं गेल्यावर त्याला कळलं की मागं कुणी नाही. लोक हसायला लागले. कोणीतरी ओरडलं, "पावणं, म्हस तुमचीच काय भाड्यानं आणलीया?" आणखी हशा झाला. दादा परत फिरून तिला ढकलायला लागला. ढकललं की संपलं, हे त्यालाही माहीत होतं. मला पायरीवरून आबांचा चेहरा दिसत होता. ते गुंजीकडं बघतच नव्हते. त्यांनी मान वळवली होती, आणि मला कळलं की ती आता मलकापूरला गेली.

मी बायकांमधून घुसले. कुणाच्या तरी हातातलं ताट पडलं. परकर गुडघ्यापर्यंत धरून मी रस्त्याच्या मधे आले आणि हाक मारली. एवढ्या जवळून तिला ऐकू गेलं. ती पळत आली. मी वळले आणि पळायला लागले, आणि मागं चाळ वाजायला लागले. मागं वळून बघायची गरजच नव्हती. तिच्या नाकपुड्यांचा वारा माझ्या मानेवर येत होता. हलग्यावाल्यांनी ताल वाढवला. लोक बाजूला होत गेले, आणि मी हसत होते, तोंड उघडं टाकून, दात दाखवत, कुणाला काय वाटेल याची फिकीर न करता. इतकी मोकळी मी त्याआधी कधी हसले नव्हते आणि त्यानंतरही नाही. कडेला बसलेला एक म्हातारा गवळी उठून उभा राहिला आणि दोन्ही हात वर करून म्हणाला, "वा गं माजी वाघीण. म्हशीपरास पोरगीत मस्ती जास्त हाय." तो ते चांगल्या अर्थानं म्हणाला. मला तो शब्द तसा मिळाला तो तेवढ्या एका वेळी, आणि मिळाला तोही परक्याकडून.

टोकाला पोचल्यावर मी गुंजीच्या गळ्यात पडले. मला वाटत होतं, आबा येतील आणि पाठीवर थाप मारतील, म्हशीला मारतात तशी. आबा आले आणि माझ्या हाताला धरून मला घरी घेऊन गेले. मारलं नाही.  दादा दुसऱ्या खोलीत फेटा सोडत बसला होता. आई करंज्या तळत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि परकर खाली ओढ म्हणाली. तो कधीचा खाली आला होता.

दुसऱ्या दिवशी आबा कट्ट्यावरून परतले तेव्हा त्यांचा चेहरा काळवंडलेला होता. तिथं लोकांनी त्यांना विचारलं होतं, पोरगा घरात बसवून पोरगी पळवली व्हय आबा? पुढच्या वर्षी पोराला ओवाळायला ठेवा. त्यांनी आईला हे सांगितलं, मला ऐकू जाईल अशा आवाजात. आणि म्हणाले, व्यापाऱ्याला निरोप धाडलाय. मला आधी कळलंच नाही. मग मी बाहेर आले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. मी म्हणाले, "तुमी म्हणालता, पळली तर ठिवीन. ती पळली की आबा. सगळ्यांच्या पुढं पळली."

आबा चपला काढत होते. त्यांनी वर बघितलं नाही. "पळली खरं," ते म्हणाले, "कुणाच्या मागनं पळली?"

एवढंच. आबा जाऊन वीस वर्षं झाली तरी या वाक्याला मनातल्या मनात मी त्यांना उत्तरं देते. भाजी निवडताना देते, बसस्टॉपवर उभी असताना देते. माझे वडील वाईट नव्हते, असं या ठिकाणी लिहायची पद्धत आहे. त्यांनी मला शिकवलं, आजारपणात उशाशी बसले, माझ्या लग्नात रडले. सगळं खरं आहे. पण त्यांनी शब्द दिला होता आणि मी त्यांच्या अटीप्रमाणे जिंकले होते, आणि ते जिंकणं त्यांना मुलाच्या हातून हवं होतं म्हणून त्यांनी तो मोडला. याला मी दुसरं नाव शोधत बसणार नाही. दादाचं म्हणाल तर तो तेव्हा एक वाक्य बोलला असता, "आबा, राहू दे तिला," तर आबांनी ऐकलं असतं. त्याचं ते सगळं ऐकायचे. तो बोलला नाही. आणि आज त्याला परक्याच्या पोरीची मस्ती बघून रडू येतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी व्यापारी ट्रक घेऊन आला. बोळात ट्रक शिरेना म्हणून त्यानं तो रस्त्यावर उभा केला. गुंजीच्या शिंगांचा रंग अजून तसाच होता. व्यापाऱ्यानं तिचं दावं सोडलं आणि ओढलं. तिनं पाय रोवले. दादानं मागून ढकललं. व्यापाऱ्याच्या माणसानं शेपटी पिरगाळली तेव्हा ती ओरडली, पण हलली नाही. मी आत कोपऱ्यात कानांवर हात ठेवून बसले होते. दहा-पंधरा मिनिटं हे चाललं असेल. मग व्यापाऱ्यानं काठी मागितली. आबा आत आले, माझ्यासमोर उकिडवे बसले आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सुशे, तू ने तिला. तुज्याशिवाय ती यायची न्हाय. उगं मार खाईल बघ."

मी नाही म्हणू शकले असते. पन्नास वर्षं मी स्वतःला विचारतेय की मी नाही का म्हणाले नाही, आणि या सगळ्या रागातला मोठा वाटा, खरं सांगायचं तर, माझ्या स्वतःच्या वाट्याला येतो. पण बाहेरून काठीचा पहिला आवाज आला आणि मी उठले. गोठ्यात गेले. दावं व्यापाऱ्याच्या हातातून काढून तिच्या गळ्याभोवती गुंडाळून टाकलं. मग बोळातून चालायला लागले आणि म्हणाले, "गुंजे, ये ये ये." ती आली. शेजारणी दारात उभ्या होत्या, त्यांच्यासमोरून ती माझ्या मागं मागं आली, मोकळी, पाडव्याला आली होती तशीच. ट्रकला फळी लावली होती. मी फळीवरून वर चढले, ती माझ्या मागं चढली. मी तिच्या कपाळाला हात लावला आणि कडेच्या फटीतून उडी मारून खाली उतरले. त्यांनी मागचं फळकूट लावून टाकलं.

व्यापारी घाम पुसत म्हणाला की एवढ्या वर्षांत असं जनावर आणि अशी पोरगी बघितली नाही. आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "पोरगी शाणी हाय आमची," ते म्हणाले.

त्यानंतर लग्न होईपर्यंत मी त्या घरात होते, आणि मला मस्ती आलीय असं कुणी एकदाही म्हणालं नाही.